शेतीसाठी मोबाईल वापरायचा, तर सुरुवात कुठून करावी?

वडिलांकडून शेती नव्याने हाती आलेले, नोकरी सोडून गावाकडे परतलेले किंवा बचत गट आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या माध्यमातून गावासाठी काम करू पाहणारे अनेकजण माहिती तंत्रज्ञानाची सुरुवात ॲपपासून करतात. एका बैठकीत दहा-बारा ॲप उतरवून घेतली जातात, आठवडाभर त्यांच्या सूचना वाजत राहतात आणि पेरणीची घाई सुरू झाली की त्यांतले एकही उघडले जात नाही. महाराष्ट्रातील शेतकऱ्यासाठी लिहिलेल्या या लेखात म्हणून क्रम वेगळा ठेवला आहे : आधी कागद, मग पिकाची नोंद, मग हवामान, त्यानंतर कीड-रोगांचा सल्ला आणि बाजारभाव, आणि पैसे मोजून घ्यायची यंत्रे सर्वांत शेवटी. ज्या माहितीवरून आज-उद्या काही करता येते, तीच माहिती शेतात कामाला येते, एवढाच विचार या क्रमामागे आहे.

हा विचार नवा नाही. वारणानगरच्या सहकारी साखर कारखान्याच्या परिसरात १९९८ साली सुमारे ७० गावे संगणकांनी जोडण्याचा प्रकल्प सुरू झाला. गावातल्या केंद्रावर शेतकऱ्याला पीकसल्ला, बाजारभाव आणि इंटरनेट मिळावे असा हेतू होता. प्रत्यक्षात लोक तेथे जात ते प्रामुख्याने आपल्या उसाचे वजन किती भरले, बिल किती झाले आणि खत किती मिळणार, हे पाहण्यासाठी. पुढे सात गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाईलवरच्या लघुसंदेशाने हेच काम करून पाहिले गेले आणि तेवढ्याने भागले. नव्याने सुरुवात करणाऱ्याने हे उदाहरण लक्षात ठेवले, तर महागड्या फोनच्या मागे लागण्याचे कारण उरत नाही.

पहिली पायरी : कागद नीट करून घेणे

सर्वांत कंटाळवाणी आणि सर्वांत लाभाची पायरी हीच आहे. महाभूमीच्या संकेतस्थळावर सातबारा पाहता येतो आणि डिजिटल स्वाक्षरीचा उतारा १५ रुपये भरून घेता येतो; तो सरकारी व बँकेच्या कामाला चालतो. सातबाऱ्याबरोबर आठ-अ हा खातेनिहाय उताराही काढावा, कारण आपल्या नावावर गावात एकूण किती गट, म्हणजे जमिनीचे क्रमांक दिलेले तुकडे, आहेत हे त्यावरूनच कळते. उतारा हाती आला की चार गोष्टी ओळीने तपासाव्यात. नाव कसे लिहिले आहे, खाते स्वतंत्र आहे की सामाईक, क्षेत्र किती आहे आणि इतर हक्काच्या रकान्यात एखाद्या जुन्या सोसायटीचा किंवा बँकेचा फेडलेला बोजा अजून राहून गेला आहे काय. क्षेत्र हेक्टर, आर आणि चौरस मीटर या मापांत असते. ०.८१.०० असे लिहिलेले असेल तर ते ८१ आर, म्हणजे साधारण दोन एकर होते. गुंठ्यांत हिशेब करण्याची सवय असलेल्यांनी एक आर म्हणजे जवळजवळ एक गुंठा असे धरले तर घोळ होत नाही.

नावाचा प्रश्न मात्र बारकाईने पाहावा लागतो. सातबाऱ्यावर ‘बबन गणपत’ आणि आधारवर ‘बबनराव गणपतराव’ असे असले, की गावात सगळ्यांना माणूस एकच असल्याचे माहीत असूनही संगणकाच्या लेखी ती दोन माणसे ठरतात. कुठले नाव दुरुस्त करायचे हे आधी ठरवावे. बहुतेक वेळा आधारमधील बदल लवकर होतो, पण त्याच नावावर बँक, पॅन आणि शाळेचा दाखला असेल तर सातबाऱ्यावरील लेखनदुरुस्तीचा अर्ज करणे शहाणपणाचे असते. वडिलांच्या पश्चात वारस नोंद झालेली नसेल, तर बाकी सर्व पायऱ्या तेथेच अडतात. ई-हक्क प्रणालीतून वारस नोंदीचा अर्ज घरबसल्या करता येतो. तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, फेरफार, म्हणजे हक्कातील बदलाची, नोंद धरून नोटीस काढतात. हरकतीसाठी १५ दिवसांची मुदत असते आणि त्यानंतर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. बहिणींची नावे गाळून अर्ज भरण्याचा सल्ला देणारे गावोगाव भेटतात. तो ऐकू नये. तो बेकायदा तर आहेच, शिवाय पुढे नोंद रद्द झाली म्हणजे तिच्या आधारे उभे केलेले सगळे काम पुन्हा करावे लागते.

यानंतर शेतकरी ओळख क्रमांक काढावा. ॲग्रिस्टॅक योजनेतील हा क्रमांक आधारला जमिनीच्या नोंदी जोडून मिळतो आणि महाराष्ट्रात १५ एप्रिल २०२५ पासून कृषी विभागाच्या योजनांसाठी तो आवश्यक केला आहे. आधारला चालू मोबाईल क्रमांक जोडलेला नसेल तर ओटीपी येत नाही, म्हणून आधी ते काम उरकावे आणि मग आपले सरकार किंवा सामायिक सुविधा केंद्रावर जावे. सामाईक खात्यातील प्रत्येक खातेदाराने आपला क्रमांक स्वतंत्र काढायचा असतो, आणि आपले सर्व गट त्यात जोडले गेले का, हे पावतीवर पाहूनच केंद्र सोडायचे असते.

बँकेच्या बाबतीत एक गैरसमज फार पसरलेला आहे. खात्याला आधार ‘लिंक’ असणे आणि थेट लाभ जमा होण्यासाठी ते खाते आधारशी ‘सीड’ केलेले असणे, म्हणजे सरकारी रक्कम याच खात्यात यावी अशी जोडणी बँकेमार्फत झालेली असणे, या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. सरकारी रक्कम सर्वांत शेवटी सीड केलेल्या खात्यातच जाते, मग अर्जात दुसऱ्याच बँकेचा क्रमांक लिहिलेला असला तरी. अनुदान आले नाही म्हणून कृषी कार्यालयात खेटे घालण्यापूर्वी बँकेत जाऊन एवढे विचारून घ्यावे.

दुसरी पायरी : पिकाची नोंद स्वतः करणे

गाव नमुना बारावर, म्हणजे सातबाऱ्यातील पिकांच्या नोंदीच्या भागावर, पीक चढवण्याचे काम पूर्वी केवळ तलाठ्याकडे होते. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी ॲपद्वारे राज्यभरातील शेतकऱ्याला ते स्वतः करता येऊ लागले. शेतात, त्याच गटाच्या हद्दीत उभे राहून पिकाचे नाव, क्षेत्र, सिंचनाचे साधन आणि लागवडीची तारीख भरायची आणि पिकाचा फोटो काढायचा, असे हे काम आहे. रेंज नसेल तर माहिती फोनमध्ये साठवून नंतर गावात येऊन पाठवता येते. आंतरपीक असेल तर दोन्ही पिके त्यांच्या क्षेत्रासह दाखवावीत. सोयाबीनमध्ये तूर घेतली आणि नोंद फक्त सोयाबीनची झाली, तर फेब्रुवारीत तूर हमीभाव केंद्रावर नेताना अडचण येते. पड जमीन, विहीर, बोअर आणि बांधावरची फळझाडे यांचीही नोंद त्याच वेळी उरकून घ्यावी.

या नोंदीचे वजन किती, हे २०२४ मध्ये दिसून आले. मागील खरिपात कापूस आणि सोयाबीन घेतलेल्यांना हेक्टरी ५,००० रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेत, देण्याचे सरकारने ठरवले तेव्हा ई-पीक पाहणीची नोंद हाच मुख्य आधार धरला गेला. पीक शेतात होते, पण उताऱ्यावर नव्हते, अशा घरांना मग कार्यालयांच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात सर्व्हर हमखास धापा टाकतो, म्हणून पीक वीतभर झाले की पहिल्या पंधरवड्यातच नोंद करावी. भरलेली माहिती चुकली असल्यास दुरुस्तीला ४८ तासांची मुदत मिळते. शेजारच्या आजोबांकडे स्मार्टफोन नसेल तर आपल्या फोनवरून त्यांची नोंद करून देता येते.

तिसरी पायरी : हवामानाचा अंदाज वाचायला शिकणे

अंदाज सगळेच पाहतात; वाचतात थोडे. भारतीय हवामान विभागाच्या भाषेत प्रत्येक शब्दाला माप ठरलेले आहे. ‘तुरळक ठिकाणी’ पाऊस याचा अर्थ जिल्ह्यातील फार तर एक चतुर्थांश केंद्रांवर पाऊस. ‘काही ठिकाणी’ म्हणजे निम्म्यापर्यंत, ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे पाऊण भागापर्यंत आणि त्यापुढे ‘बहुतांश ठिकाणी’. ‘तुरळक ठिकाणी मुसळधार’ असा इशारा वाचून फवारणी पुढे ढकलली आणि आपल्याकडे थेंबही पडला नाही, तर अंदाज खोटा ठरत नाही. पावसाच्या प्रमाणाचेही तसेच आहे. २४ तासांत १५.६ ते ६४.४ मिलिमीटर पाऊस ‘मध्यम’ समजला जातो आणि ६४.५ पासून ‘मुसळधार’ सुरू होतो. शेतकऱ्याच्या अनुभवात साठ मिलिमीटर म्हणजे शेतात पाणी साचवणारा पाऊस. अंदाजात मात्र तो मध्यमच असतो. एक मिलिमीटर पाऊस एकरावर सुमारे ४,०४७ लिटर पाणी आणतो, एवढे गणित पाठ असले की हे आकडे आपोआप जिवंत होतात.

ॲप दोन पुरेत. ‘मेघदूत’वर जिल्ह्याचा पुढील पाच दिवसांचा अंदाज आणि त्यावर आधारलेला पीकसल्ला मंगळवारी व शुक्रवारी येतो. ‘दामिनी’ हे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे ॲप जवळपासच्या विजेची सूचना देते. मे-जून आणि परतीच्या पावसात रानात काम करणाऱ्या, जनावरे राखणाऱ्या प्रत्येकाच्या फोनमध्ये ते असले पाहिजे. समाजमाध्यमांवरील खासगी अंदाज ऐकायला हरकत नाही, परंतु महिनाभर आधी अमुक तारखेला अमुक तालुक्यात पाऊस सांगणाऱ्यावर पेरणीचा निर्णय टाकू नये. पेरणीसाठी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल गेल्याशिवाय घाई करू नये, हा कृषी विभागाचा सल्ला दुबार पेरणीचा खर्च वाचवणारा आहे.

तो पाऊस मोजायचा कोणी? महावेध प्रकल्पात राज्यातील महसूल मंडळांमध्ये स्वयंचलित हवामान केंद्रे बसवली आहेत, पण एका मंडळात अनेक गावे येतात आणि खरिपातला पाऊस बांधाबांधावर बदलतो. म्हणून सर्व उपकरणांत पहिले उपकरण साधे पर्जन्यमापक घ्यावे, उघड्या जागी रोवावे आणि रोज सकाळी साडेआठ वाजता वाचून आकडा वहीत लिहावा. मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा अधिक पाऊस झाला की मदतीच्या दृष्टीने अतिवृष्टी धरली जाते. मंडळाचा आकडा आणि आपल्या वहीतील आकडे यांत फार तफावत पडत असेल, तर रोजच्या तारखांसह लिहिलेली वही घेऊन संपूर्ण गावाला म्हणणे मांडता येते.

चौथी पायरी : कीड-रोगाविषयी नेमके विचारणे

किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा निःशुल्क क्रमांक २००४ पासून चालू असून सकाळी ६ ते रात्री १० या वेळेत मराठीतून उत्तर मिळते. साध्या फोनवरून चालणारी ही सेवा नव्या ॲपच्या गर्दीत विसरली गेली आहे. तिच्या जोडीला आपल्या जिल्ह्यातील कृषी विज्ञान केंद्राचा क्रमांक जतन करून ठेवावा.

सल्ला चांगला मिळणे हे बरेचसे प्रश्नावर अवलंबून असते. ‘कपाशी पिवळी पडली, काय मारू?’ एवढा संदेश पाठवला, तर उत्तरही तितकेच मोघम येणार. रोगट पानाची वरची बाजू, खालची बाजू, संपूर्ण झाड आणि थोडे दूर उभे राहून प्लॉट, असे चार फोटो उजेडात काढावेत. त्यांसोबत वाण, लागवडीची तारीख, प्रादुर्भाव सगळीकडे आहे की ठिकठिकाणी, आणि मागील दोन फवारण्या कशाच्या केल्या, हे लिहावे. गुलाबी बोंडअळीच्या बाबतीत तर फोटोपेक्षा मोजणी महत्त्वाची आहे. मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणाऱ्या कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री प्रत्येकी आठ किंवा अधिक पतंग आले, अथवा दहा टक्के फुले-बोंडे प्रादुर्भावग्रस्त दिसली, तर नियंत्रणाची पातळी ओलांडली असे समजतात. विदर्भ-मराठवाड्यात २००८ मध्ये सोयाबीनवर अळ्यांचा उद्रेक झाल्यानंतर राज्याने सुरू केलेला क्रॉपसॅप हा कीड-रोग सर्वेक्षण प्रकल्प याच पद्धतीने चालतो : कोणीतरी शेतात जाऊन मोजतो, तो आकडा फोनवरून वर जातो आणि तालुक्याचा सल्ला खाली येतो.

कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे सहायक आता मराठीतही आले आहेत. राज्य सरकारचे ‘महाविस्तार’ हे त्यांपैकी एक. पिकाची ओळख, खताच्या मात्रेची प्राथमिक माहिती, योजनेची अट अशा गोष्टींसाठी ते वापरावे. औषधाचे नाव आणि प्रमाण मात्र डब्यावरच्या लेबलशी किंवा विद्यापीठाच्या शिफारशीशी ताडून पाहिल्याशिवाय पंपात ओतू नये. एकात एक चार औषधे मिसळण्याचा सल्ला व्हॉट्सॲपवर आला, तर तो कोणत्या दुकानाच्या गटावर आला हे आधी पाहावे.

पाचवी पायरी : बाजारभाव आणि त्यापुढचा हिशेब

कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर आणि केंद्राच्या ॲगमार्कनेटवर बाजार समितीनिहाय आवक आणि दर रोज येतात. तेथे किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन दर असतात. व्हॉट्सॲपच्या गटागटांतून फिरतो तो कमाल दर, जो बहुधा एखाद्या वक्कलालाच, म्हणजे मालाच्या एखाद्या ढिगालाच, मिळालेला असतो. आपण पाहायचा तो सर्वसाधारण दर, आणि त्याच्याशेजारची आवक. दर वाढत असताना आवक घटत असेल तर गोष्ट वेगळी. दर टिकून असताना आवक दुप्पट झाली असेल तर पुढील दोन-चार दिवसांत काय होणार याचा अंदाज बांधता येतो.

एक हिशेब उदाहरणादाखल मांडू. समजा ४० क्विंटल कांदा आहे, जवळच्या बाजारात सर्वसाधारण दर १,३०० आणि लांबच्या बाजारात १,४५० रुपये आहे. फरक ६,००० रुपयांचा दिसतो. लांबच्या बाजारासाठी टेम्पोचे भाडे ३,५०० रुपये अधिक लागले, हमाली-तोलाई वाढली, पोहोचायला उशीर होऊन लिलाव चुकला आणि माल रात्रभर गाडीत राहिला, तर त्या फरकातले हातात फारसे उरत नाही. उलट सोयाबीन, हळद, बेदाणा असा टिकणारा माल असेल तर लांबचा बाजार परवडू शकतो. सोयाबीनच्या बाबतीत भावाआधी ओलावा पाहावा. हमीभावाच्या खरेदीत १२ टक्क्यांची मर्यादा असल्यामुळे गावात पाच-सहा जणांनी मिळून एक आर्द्रतामापक घेतला, तर केंद्रावरून माल परत आणण्याचा फेरा वाचतो.

केवळ भाव कळल्याने भाव वाढून मिळतो का, याची तपासणी महाराष्ट्रातच झाली आहे. २००७ मध्ये सुरू झालेल्या ‘रॉयटर्स मार्केट लाइट’ या सशुल्क संदेशसेवेचा परिणाम अर्थतज्ज्ञांनी राज्यातील १०० गावांत अभ्यासला, तेव्हा ग्राहक शेतकऱ्यांना मिळालेल्या दरात सरासरी लक्षणीय फरक आढळला नाही. मला हे निष्कर्ष आश्चर्याचे वाटत नाहीत. ज्याला उद्या सोसायटीचे देणे द्यायचे आहे, त्याला पुढच्या महिन्याचा भाव माहीत असून उपयोग काय? म्हणून बाजारभावाच्या ॲपसोबतच शेतमाल तारण कर्जाची माहिती काढावी. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवून ठरावीक मालांवर किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत, सहा टक्के व्याजाने, १८० दिवसांसाठी उचल मिळू शकते. आपली समिती ही योजना राबवते का, हे काढणीच्या महिनाभर आधी विचारून ठेवावे.

योजना आणि विमा

पहिल्या दोन पायऱ्या झाल्या असतील तर येथे फार काही उरत नाही. महाडीबीटी संकेतस्थळावर ठिबक, अवजारे, शेततळ्याचे अस्तरीकरण इत्यादींसाठी एकच अर्ज करता येतो. पूर्वसंमती येण्याआधी वस्तू खरेदी करू नये आणि बिल अर्जदाराच्याच नावे घ्यावे. पीक विम्याचे नियम हंगामागणिक बदलतात : २०२३ च्या खरिपात सुरू झालेली एक रुपयातील योजना २०२५ च्या खरिपापूर्वी बंद झाली आणि पुन्हा खरिपाला दोन टक्के, रब्बीला दीड टक्का व नगदी पिकांना पाच टक्क्यांपर्यंत हप्ता लागू झाला. त्या हंगामात कोणत्या कारणाने झालेले नुकसान धरले जाणार आहे, हे शासन निर्णयातून वाचूनच हप्ता भरावा आणि पावती फोनच्या गॅलरीत न ठेवता कागदावर छापून ठेवावी.

शेवटी यंत्रे

मोटार फोनवरून चालू-बंद करणारा मोबाईल स्टार्टर हे बहुतेकांचे पहिले यंत्र असते, आणि रात्रीच्या पाळीत लाईट येणाऱ्या भागात त्यासाठी केलेला खर्च सार्थकी लागतो, कारण साप-विंचवाच्या वाटेने विहिरीवर जाणे टळते. घेताना तो सिंगल फेजवर मोटार बंद करतो का आणि विहीर आटल्यावर कोरडी मोटार थांबवतो का, एवढे दोन प्रश्न विचारावेत. लाईट येताच आपोआप मोटार सुरू करणारा ऑटोस्विच मात्र लावू नये. डीपीवरील, म्हणजे विजेच्या एका रोहित्रावरील, सर्व मोटारी एकाच क्षणी उठल्या की डीपी जळतो आणि मग महिन्याभराचे पाणी सगळ्यांचेच जाते; म्हणूनच महावितरण ऑटोस्विच काढून कपॅसिटर बसवायला सांगते. जमिनीतील ओलावा मोजणारे सेन्सर, ड्रोनने फवारणी वगैरे गोष्टी द्राक्ष, डाळिंब, ऊस यांसारख्या पिकांत किंवा उत्पादक कंपनीमार्फत भाड्याने घेतल्या तर परवडतात. दोन एकर कोरडवाहू सोयाबीनला त्यांची निकड नाही.

गावाचा व्हॉट्सॲप गट काढायचा झाल्यास त्यावर फक्त पाऊस, कीड, भाव आणि मुदतीच्या तारखा येतील असा नियम करावा आणि संदेश टाकण्याचा अधिकार तीन-चार जणांकडेच ठेवावा, त्यांत एक तरी बाई असावी, कारण निंदणी-वेचणी करणाऱ्यांनाच कीड आधी दिसते. पीएम किसानच्या किंवा आरटीओच्या नावाने ‘एपीके’ शेपटी असलेली फाईल गटावर आली तर ती उघडू नये, लगेच काढून टाकावी. ती उतरवताच फोनवरचे ओटीपी परक्याच्या हाती जाऊ शकतात. पैसे गेलेच, तर त्याच तासात १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी आणि बँकेला कळवावे. ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांच्यासाठी गटावरील महत्त्वाच्या तारखा सोसायटीच्या किंवा दूध संकलन केंद्राच्या फळ्यावर खडूने लिहाव्यात. सकाळ-संध्याकाळ दूध घालायला येणारे तो फळा वाचून जातात.